मामांचे साडेतीन सेकंद

मामांनी मला पहिल्याच दिवशी मारलं. सुरीच्या मुठीने, मनगटावर, इतकं जोरात की हातातला पेन उडून रक्ताच्या नालीत पडला. तेव्हा आमची ओळखसुद्धा नव्हती. साखळीला उलटा टांगलेला बैल माझ्यासमोरून चालला होता. त्याचा पुढचा पाय खरंच हलतोय की मला भास होतोय, ते बघायला मी हात पुढे केला होता. फटका बसला, मी कळवळून मागे झाले, आणि माझं डोकं जिथे होतं तिथून तो पाय सणसणत गेला. मेंदू बंद पडलेलं जनावरही लाथ झाडतं, हे तीन वर्षांच्या पुस्तकांत असेलही, पण मला पुस्तकातून कळलं नव्हतं.

"इथे हात खिशात ठेवायचे," ते म्हणाले. "बघायचं ते डोळ्यांनी." आणि पुढच्या बैलाकडे वळले.

आमच्या विभागाने परत आलेल्या प्रत्येकाकडून दोन पानं मागितली आहेत. परदेशातल्या सेमिस्टरने तुम्हाला काय दिलं? माझ्याबरोबर युरोपात गेलेल्या दोघींनी कधीच लिहून दिलं. स्वावलंबन, वेळेचं महत्त्व, निरनिराळ्या लोकांशी मैत्री. मी लिहायला बसले की माझ्यासमोर हा एक माणूस उभा राहतो आणि हलतच नाही. म्हणून त्यांच्याबद्दलच लिहिते. दोन पानांत मावणार नाही, आणि रक्त बघून ज्यांना चक्कर येते त्यांनी इथेच थांबावं, कारण मी काही गोड करून सांगणार नाहीये.

मी गुरांची डॉक्टर होण्यासाठी शिकते आहे. सेमिस्टरचा अर्धा भाग वर्गात आणि उरलेले बारा आठवडे प्रत्यक्ष कामावर. एकीला घोड्यांचा दवाखाना मिळाला, दुसरीला दुधाची डेअरी. मी अर्ज उशिरा भरला, म्हणून मला कत्तलखाना. घरी मी "मांस तपासणी केंद्र" असं सांगितलं. आईने विचारलं, "म्हणजे प्रयोगशाळाच ना?" मी म्हटलं, तसंच काहीसं.

राहायची सोय कामगारांच्या वसाहतीत होती. पहिल्या दिवशी संध्याकाळी बॅग ओढत तिसऱ्या मजल्यावर गेले, बेल दाबली आणि दार उघडलं ते सकाळच्याच माणसाने. आतून बाईचा आवाज आला, "कोण आहे?"

"सकाळी मी मारली ती," मामा म्हणाले.

आतून एक ओलं फडकं आलं आणि त्यांच्या कानशिलावर चापकन बसलं. त्या मामी. अशी माझी त्या घराशी ओळख झाली.

त्यांचं नाव माझ्या जिभेला वळेना आणि माझं त्यांच्या. दोन दिवसांनी मी सरळ मामा म्हणायला लागले. याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं. आईचा भाऊ, मी म्हटलं. ते म्हणाले, "आधी आईला विचारून घे, असा भाऊ चालेल का ते."

दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. माझ्या वाट्याला इस्त्रीच्या टेबलाची खोली आली, जिथे पाय लांब केले की टेबलाला लागायचे आणि रोज सकाळी भिंतीतला पाण्याचा पाइप कुणीतरी हातोडीने ठोकावा तसा वाजायचा. मामी एका इस्पितळाच्या धुलाईघरात होत्या. दिवसभर डॉक्टरांच्या कोटांचे खिसे उलटे करायचे, त्यातल्या चिठ्ठ्या, चाव्या, सुया बाहेर काढायच्या आणि मग कपडे यंत्रात टाकायचे. त्यांचे दंड मामांपेक्षा जाड होते आणि राग नाकावर नसून थेट हातात होता. ताट, चप्पल, कपडे वाळत घालायची काठी, हाताला लागेल ते त्या फेकायच्या. कारण काहीही चालायचं. बुटाला लागलेलं रक्त पुसलं नाही, सूपमध्ये मीठ कमी पडलं, खिडकी उघडी राहिली. मामा तेव्हा खुर्चीवर बसून दोन्ही हात मांड्यांखाली घालायचे आणि मार खायचे. मला आधी हसू आलं. मग एकदा मामींनीच सांगितलं.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी याने माझ्यावर हात टाकला," त्या म्हणाल्या आणि ओठ बाजूला करून रिकामी जागा दाखवली. "दात गेला. मीही गेले, बहिणीकडे. चार महिन्यांनी हा न्यायला आला. मी म्हटलं, येते, पण इथून पुढे या घरात मारायचं ते मी. हा हो म्हणाला. तेव्हापासून हातावर बसतो."

"चांगलं आहे की," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"काय चांगलं? त्याचे हात घरी बसतात. कामावर बसत नाहीत ना."

ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. मीठ काढायला दार उघडलं की तो दिसायचाच. सहा वर्षांपूर्वी एका ट्रकवाल्याने गाडीतून उतरत नाही म्हणून बैलाच्या डोळ्यात विजेचा दांडा खुपसला होता आणि मामांनी त्या ट्रकवाल्याचा हात कोपरातून मोडला होता. कागद त्याबद्दलचा. शेवटची ताकीद. पुन्हा कुणावर हात उचलला तर नोकरी जाईल, आणि घर कंपनीचं असल्याने घरही. नोकरी पूर्ण झाली तर मात्र नवरा-बायकोला मरेपर्यंत त्याच घरात राहता येणार होतं. दोन वर्षं राहिली होती. मामी रोज सकाळी मामांचा डबा भरताना ते दार उघडं ठेवायच्या, म्हणजे निघताना त्यांना दिसावा.

आता काम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

जनावर एका लोखंडी पेटीत येतं. बंदूकवाला त्याच्या कपाळावर बोल्टची बंदूक टेकवतो. त्यातून गोळी सुटत नाही, एक दांडा सुटतो, मेंदूत शिरतो आणि परत येतो. जनावर कोसळतं. पेटीची बाजू उघडते, मागच्या एका पायाला साखळी लागते आणि ते उलटं टांगलं जाऊन वरच्या रुळावरून सरकत मामांसमोर येतं. मामा गळ्याखाली सुरी घालतात, हृदयाजवळची मोठी नस कापतात आणि सगळं रक्त बादल्यांनी ओतावं तसं खाली येतं. मरण ते. बंदुकीने जनावर फक्त बेशुद्ध होतं. दांडा जरा तिरका लागला तर तेही होत नाही, नुसतं सुन्न होतं आणि टांगलेल्या अवस्थेत शुद्धीवर येतं.

म्हणून मामा कापण्याआधी प्रत्येक जनावराच्या डोळ्याला अंगठा लावायचे. डाव्या हाताचा, कारण त्या हाताची मधली दोन बोटं कुठल्याशा यंत्रात राहिली होती आणि त्याने सुरी धरता येत नसे. अंगठा बुबुळावर टेकवायचा. पापणी हलली नाही तर कापायचं. हलली तर मामा "परत" असं ओरडायचे आणि बंदूकवाला धावत येऊन दुसऱ्यांदा बंदूक लावायचा. तीस वर्षांत मामांनी एकही जनावर अंगठ्याशिवाय कापलं नव्हतं. यात दया किती आणि सुरक्षा किती, ते मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "जागं जनावर कापून बघ एकदा. मग विचार."

त्या कामाच्या जागी मामा भले गृहस्थ वगैरे मुळीच नव्हते. ते शिव्या द्यायचे, ढकलायचे, कुणी त्यांच्या सुरीला हात लावला तर मान धरायचे. एकदा त्यांनी बंदूकवाल्याला, सलग दोन बैल नीट पडले नाहीत म्हणून, कॉलर धरून भिंतीवर आपटलं. तो मात्र तक्रार करायला गेला नाही. "चूक माझी होती," असं म्हणून त्याने टोपी नीट केली आणि पुन्हा बंदूक उचलली. तिथे सगळे त्यांना घाबरायचे आणि सगळ्यांना त्यांच्याच शेजारी काम हवं असायचं.

माझी चूक आता येते. प्रकल्प द्यायचा होता. आमचे तिकडचे सर म्हणाले, काहीतरी मोजा. मी स्टॉपवॉच आणलं आणि मामांच्या बाजूला लोखंडी पायरीवर उभी राहून प्रत्येक जनावराच्या प्रत्येक टप्प्याची वेळ लिहायला लागले. टिपणं अर्थात मराठीतच, आकडेही आपलेच, घाईत तेच हाताला येतात. चारशे बारा जनावरं मोजली. अंगठ्याला सरासरी साडेतीन सेकंद लागत होते. पापणी हललेली जनावरं नऊ.

कत्तलखान्याच्या सुपरवायझरला सगळे शिट्टी म्हणत, कारण गळ्यात ती सदैव असायची. तो माझ्याशी फार अदबीने वागायचा. माझा मसुदा वाचून म्हणाला, "छान आहे, पण याला निष्कर्ष नाही. अहवालाला निष्कर्ष लागतो." खरं होतं. मी खोलीत बसून निष्कर्ष लिहिला. मला पाठ आहे तो. 'डोळा तपासण्यात जाणारा एकूण वेळ लक्षणीय असून त्यातून सापडणाऱ्या जनावरांचं प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगं आहे.' वाक्य वाचायला भारदस्त वाटलं म्हणून ठेवलं. नऊ जनावरांची नोंद परिशिष्टात टाकली.

कंपनीच्या सभागृहात मी अहवाल वाचून दाखवला तेव्हा मामा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले होते. पोरीने माझ्यावर अभ्यास केलाय, असं त्यांनी आठवडाभर सगळ्यांना सांगितलं होतं. तक्त्यांमधलं त्यांना फारसं कळलं नसावं. संपल्यावर सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यांच्या होत्या. शिट्टीने हात मिळवला आणि एक प्रत मागून घेतली.

पुढच्या शुक्रवारी भिंतीवर सूचना लागली. सोमवारपासून डोळा तपासणं बंद, जनावर बेशुद्ध आहे की नाही ही जबाबदारी बंदूकवाल्याची. खाली आधार म्हणून माझा अहवाल.

घरी आल्यावर मामांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "साडेतीन सेकंद कुणी मोजले?"

"मी."

"आणि ती नऊ?"

"तीही मीच मोजली, मामा."

"मग ती कुठे गेली?"

"परिशिष्टात आहेत."

"ते काय असतं?"

"शेवटची पानं," मी म्हटलं. "कुणी वाचत नाही ती."

मामांनी हात मांड्यांखाली घातले. मामी भाजी चिरायचा पाट घेऊन उभ्या होत्या, पण त्यांनी तो फेकला नाही. मला तेव्हा शरम वाटायला हवी होती. मला राग आला होता, की मी नुसतं मोजलं, त्याचं इतकं काय.

सोमवारी मामांनी पहिल्याच बैलाच्या डोळ्याला अंगठा लावला. शिट्टी वाजली. दुसऱ्या बैलालाही लावला. मागे जनावरं तुंबली. बुधवारी त्यांना तिथून काढून दहा पावलांवर कातडी सोलण्याच्या जागी उभं केलं आणि त्यांच्या जागी नवा माणूस आणला. आधी दुसरीकडे ट्रक चालवायचा, चाळिशी उलटलेली, दोन मुलींचा बाप, बोलायला मऊ. जेवणाच्या सुट्टीत मामा त्याच्यासमोर बसून स्वतःच्या डोळ्याला अंगठा लावून दाखवत होते. तो अवघडून म्हणाला, "मला परवानगी नाही हो." मामांनी त्याच्या डब्याला थाप मारली, डबा उलटला, अन्न जमिनीवर सांडलं. मग स्वतःचा डबा त्याच्यापुढे सरकवून ते उठून गेले.

शिट्टीला आता नव्या पद्धतीने वेळ किती वाचतो तेही हवं होतं. म्हणून पुढच्या गुरुवारी मी पुन्हा त्याच पायरीवर घड्याळ घेऊन उभी होते.

तो काळा बैल होता, भलामोठा. पेटीतून पडताना त्याची मान मला नीट लोंबकळलेली वाटली नाही. मी काही बोलले नाही, माझं काम मोजायचं होतं. तो टांगला गेला, रुळावरून आला. नव्या माणसाने गळ्याला सुरी लावली, आणि बैल जागा झाला. उलटं टांगलेलं, गळा अर्धवट कापलेलं जनावर कसं ओरडतं ते मी सांगू शकत नाही, कारण गळा कापलेला असतो, आवाज गळ्यातून येतच नाही, जखमेतून येतो. त्याने पुढचे दोन्ही पाय झाडले. एक नव्या माणसाच्या हातावर बसला आणि हातातली सुरी मुठीपर्यंत त्याच्याच मांडीत गेली. तो खाली बसला. आश्चर्य वाटल्यासारखा मांडीकडे बघत होता. रक्त कुणाचं कुठलं ते कळत नव्हतं. बैल वर पाय झाडत होता आणि त्याच्या पायांखाली माणूस.

मामा दहा पावलं कसे आले ते मला दिसलं नाही. त्यांनी रुळाची अख्खी लाइन थांबवायची दोरी ओढली, भिंतीवरची जास्तीची बंदूक काढली, झाडणाऱ्या पायांच्या आत घुसले आणि बैलाच्या कपाळावर बंदूक लावली. एक पाय त्यांच्या बरगडीवर बसल्याचा आवाज मला आला. बैल थांबला. मग त्यांनी नव्या माणसाला चिखलातून ओढावं तसं बाजूला ओढलं, जांघेत मूठ घातली आणि अख्खं वजन देऊन तिथे बसले. "पट्टा," ते ओरडले. बंदूकवाल्याने कमरेचा पट्टा दिला. रुग्णवाहिका येईपर्यंत मामा हलले नाहीत. माझे हात यंत्रासारखे चालू होते. मी वेळा लिहीत होते. लाथ, नऊ चौदा बावीस. दोरी, नऊ चौदा सव्वीस.

माणसाला नेलं. मामा उठले. कोपरापर्यंत लाल, बरगडीवर हात. तेवढ्यात शिट्टी आला, जमिनीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "लाइन कुणी थांबवली? चाळीस जनावरं बाकी आहेत."

मामांनी कमरेचा सुऱ्यांचा पट्टा सोडला, व्यवस्थित गुंडाळून फळीवर ठेवला. तेव्हाच मला कळलं काय होणार आहे. सगळ्यांनाच कळलं, आणि कुणीही मधे गेलं नाही. पहिल्या ठोशाने शिट्टीचा जबडा गेला. दुसऱ्याने तो पडला. उरलेले तीन त्याच्यावर गुडघा टेकून. मला मोजायची सवय लागली होती. खोटं कशाला सांगू, चौथ्यापर्यंत मला बरं वाटलं. पाचव्याला मामांच्या तोंडाकडे बघितलं आणि भीती वाटली, कारण त्या तोंडावर राग नव्हता, काम होतं.

घरी मामींना आधीच कळलं होतं. त्यांनी काही फेकलं नाही. त्यांनी कपाटाच्या दारावरचा कागद नखाने खरवडून काढला, माझे आणि मामांचे रक्ताने माखलेले कपडे उचलले आणि यंत्रात टाकायला गेल्या.

चौकशी आठ दिवसांनी, माझ्या सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात ठेवली गेली. शिट्टीने लेखी दिलं होतं की मामांनी सूड म्हणून आधी लाइन थांबवली, त्या हिसक्याने बैल झोकांडला आणि माणूस जखमी झाला. म्हणजे मारहाण तर होतीच, वर एका माणसाचा जीव धोक्यात घातल्याचा ठपकाही. दोरी माणूस वाचवायला ओढली असं ठरलं असतं, तर मारहाणीकडे कदाचित नरमाईने बघितलं गेलं असतं. नव्या माणसाला काही आठवत नव्हतं. बंदूकवाल्याची तेव्हा पाठ होती. आधी लाथ आणि मग दोरी, हे फक्त माझ्या कागदावर होतं. आणि तो कागद कपड्यांच्या खिशात होता, कपडे धुतले गेले होते, म्हणजे कागद गेला असणार. असं मी ठरवून टाकलं. शोधायला गेले नाही.

मामींनी एकदा विचारलं, "त्या दिवशीच्या खिशांत काही होतं का तुझ्या?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि कांदा चिरायला घेतला.

चौकशीच्या आदल्या दिवशी शिट्टी मला भेटला. जबडा तारेने बांधलेला, बोलता येत नव्हतं. त्याने वहीवर लिहून दाखवलं. 'तुमचा अहवाल माझ्याकडे सहीला आहे. चांगला आहे.' सहीशिवाय प्रकल्प नाही, प्रकल्पाशिवाय सेमिस्टर नाही, आणि सेमिस्टर नाही म्हणजे इकडे वर्ष वाया. त्याने धमकी दिली असती तर मला चिडता आलं असतं. तो हसायचा प्रयत्न करत होता.

चौकशीच्या खोलीत टेबलापलीकडे तिघं होते. त्यांच्यापुढे माझा अहवाल होता आणि ते वाक्य पिवळ्या रंगाने रंगवलेलं. "हे तुमचंच वाक्य ना?"

"हो."

"आरोपीने सुपरवायझरला मारताना तुम्ही पाहिलं?"

"हो."

"आणखी काही सांगायचंय?"

"नाही."

तीन शब्दांत माझं काम झालं. एकेक खरं होतं, आणि तिन्ही मिळून मी त्या माणसाला विकलं. नोकरी गेली. अपील करायला एक महिना होता, मामींनी ते लगेच केलं, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत घरात राहायची मुभा.

परत येताना बसमध्ये मामा शेजारी बसले. बरगडीला पट्टा होता, वळणावर दुखायचं. "त्यांनी तुला वेळांचं विचारलंच नाही का?" ते म्हणाले.

"नाही."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस तू," मामा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना शंका नव्हती. मी जन्मात इतका मार खाल्लेला नाही.

दोन दिवसांनी सही मिळाली. प्रकल्पाला वर्गातले सर्वांत जास्त गुण. निघायच्या दिवशी मामींनी माझी बॅग भरली. मी नको म्हणत होते, त्यांनी मला बाजूला सारलं आणि प्रत्येक सदरा इस्पितळातल्या चादरीसारखा घडी करून रचला. मामा बरगड्या धरून बस थांब्यापर्यंत आले. "चांगली डॉक्टर हो," म्हणाले. मामी खाली उतरल्याच नाहीत.

इथे पोचून दोन दिवस मी बॅग उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली. चौथ्या सदऱ्याच्या घडीत तो कागद होता. धुण्याआधीच खिशातून काढलेला, कारण पाण्याचा डाग कुठे नव्हता, रक्ताचा होता, आता तपकिरी झालेला. त्याला इस्त्री केली होती. माझे मराठी आकडे, माझी अक्षरं, तिथल्या कुणालाही वाचता न येणारी. त्या कागदाने मामा सुटू शकतात हे मामींनी ओळखलं होतं, नाहीतर इस्त्री कशाला केली असती. वाचून दाखवणारी मात्र जगात एकटी मी होते. मला विचारलं तेव्हा कागद त्यांच्याकडेच होता. मी नाही म्हटलं, ते त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या अंगावर एखादं ताट फेकलं असतं तर मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहिले असते.

मी जमिनीवर बसून मोठमोठ्याने रडले. आईला कळेना, घरची आठवण काढून रडणारी मुलगी घरी येऊनही का रडतेय.

तर विभागप्रमुखांनी मागितलेली दोन पानं ती ही. सेमिस्टरने मला काय दिलं ते वर लिहिलं आहे. त्या वाक्याबद्दल एवढंच, की मी मोजलेल्या नऊ जनावरांपैकी एकही दुर्लक्ष करण्याजोगं नव्हतं, ते मला लिहिताना माहीत होतं, आणि ते वाक्य मी मागे घेते आहे. प्रकल्प मागे घेतला की सेमिस्टर रद्द होतं, हा नियम मी वाचला आहे. कागदाची प्रत, त्याचा ओळीगणिक अर्थ आणि माझा सही केलेला जबाब मी अपील ऐकणाऱ्या समितीकडे पाठवला आहे. मूळ कागदही त्याच पाकिटात आहे.

पाठवल्यावर मामांना फोन केला. त्यांना सांगितलं तर ते भडकले. "मूर्ख आहेस का? तुझं वर्ष जाईल. मला काय, मी कुठेही हाडं फोडीन. परत मागव तो कागद." मग त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या त्या मी त्यांच्याच लाइनवर ऐकल्या होत्या, फक्त तेव्हा त्या बंदूकवाल्यासाठी असायच्या. शिव्या देता देता ते मधेच थांबले. फोन हातातून दुसऱ्या हातात गेला.

"कुरिअरने पाठवलंस?" मामींनी विचारलं.

"हो."

"कधी?"

"काल सकाळी."

पलीकडे त्या बोटांवर दिवस मोजत असाव्यात. सुनावणी मंगळवारी होती.

"पोचेल," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.